लांडग्यांपुढे कोण गाणार?

ॲबरगव्हेनी, वेल्स

ती. बाबांस,

लँथोनीच्या मठापर्यंत रेल्वे जात नाही. जवळचं स्टेशन ॲबरगव्हेनी. तिथून ब्लॅक माउंटन्समध्ये शिरणारा रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला, तर एकाला मागे सरकावंच लागतं. खाली होन्दी नदी, दोन्ही बाजूंना उंच डोंगर आणि सगळीकडे मेंढ्या. नऊशे वर्षांपूर्वी इथे मठ बांधावा असं कुणाला का वाटलं असेल?

गोष्ट अशी सांगतात. साधारण ११०० साली विल्यम द लेसी हा नॉर्मन सरदार शिकारीच्या नादात या दरीत आला. संत डेव्हिडचं पडकं चॅपल त्याला दिसलं आणि तो तिथेच राहिला. चिलखत मात्र त्याने अंगावरून कधी उतरवलं नाही म्हणे. तेच त्याचं तप. पुढे मटिल्डा राणीचा धर्मगुरू अर्निशियस त्याला येऊन मिळाला. ११०८ मध्ये चर्चची प्रतिष्ठापना झाली आणि दहाएक वर्षांत ऑगस्टिनियन पंथाची प्रायरी, म्हणजे मठ, उभी राहिली, वेल्समधली पहिली.

विल्यमला दान नको होतं. राणीने लाडीगोडीने त्याच्या अंगरख्यात हात घालायची परवानगी मागितली आणि सोन्याची थैली आत सोडून दिली, असा किस्सा आहे. खरा-खोटा देव जाणे, पण पैसा आला एवढं खरं.

लँथोनी

११३५ साली राजा पहिला हेन्री वारला आणि वेल्श लोकांनी नॉर्मनांविरुद्ध उठाव केला. दरी धुमसू लागली तसे बहुतेक मठवासी आधी हेरफर्डला आणि मग ग्लॉस्टरला गेले. तिथे ११३६ मध्ये दुसरी लँथोनी स्थापन झाली. दंगा निवला तरी अनेकांना परत यायचं नव्हतं. लांडग्यांपुढे कोण गाणार, अशी त्यांची कुरकुर मठाच्या जुन्या बखरीत नोंदली आहे. एकांतासाठी काढलेल्या मठातल्या लोकांनाच एकांत सोसवेना!

आज उभं आहे ते बांधकाम त्यानंतरचं. लेसी घराण्याला आयर्लंडमध्ये जहागिरी मिळाल्या आणि त्या पैशातून बाराव्या शतकाच्या अखेरीस नवं चर्च उभं राहू लागलं. बाबा, तुम्ही असतात तर कमानींपाशीच अडकला असतात. काही अर्धगोल आहेत, काही टोकदार. जुनी शैली जाऊन गॉथिक येतानाचा काळ एकाच भिंतीत दिसतो. छप्पर नाही. नेव्हच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य दालनाच्या, कमानींतून थेट डोंगर दिसतो, आणि इमारत शाबूत असती तर ती इतकी देखणी वाटली असती का, याची शंकाच येते. चित्रकार टर्नरने १७९४ मध्ये तिचं चित्र काढलं तेही भग्नावस्थेतलंच.

११८८ मध्ये वेल्सभर फिरलेल्या गेराल्ड या धर्मगुरू-लेखकाने या दरीची रुंदी बाणाच्या टप्प्याने मोजली. इथल्या पावसावाऱ्याबद्दल त्याने लिहिलेलं आजही लागू पडतं. ग्लॉस्टरच्या लेकीने, म्हणजे दुसऱ्या लँथोनीने, आईची, म्हणजे या मूळ मठाची, पुस्तकं आणि चीजवस्तू नेल्या, यावर तो चांगलाच चिडला आहे.

भिंतीला लागून आता हॉटेल आहे आणि तळघराच्या दगडी कमानींखाली बार. शेजारचं संत डेव्हिडचं छोटं चर्च मात्र अजून वापरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर सॅव्हेज लँडर या कवीने ही जहागीर विकत घेतली, झाडं लावली, स्पेनहून मेरिनो मेंढ्या आणल्या. कुळांशी आणि शेजाऱ्यांशी भांडून कर्जबाजारी झाला, तेव्हा १८१४ मध्ये देशच सोडून गेला. या दरीत टिकून राहायला कविता पुरत नाही.

ग्लॉस्टर

बाबा, लेकीचं घरही पाहून झालं. १४८१ मध्ये राजाज्ञेने आई लेकीच्या ताब्यात गेली. वेल्समधला मठ ग्लॉस्टरची शाखा बनला, मोजके मठवासी उरले. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने दोन्ही बंद केले.

इथे कालव्याच्या काठी मठाच्या काही दगडी आणि लाकडी इमारती आहेत, अलीकडेच नीट दुरुस्त केलेल्या. पण श्रीमंत लेकीच्या चर्चची एकही भिंत जमिनीवर उरलेली नाही. तिकडे गरीब आईच्या कमानी पावसात उभ्या आहेत.