तिसरी पिन

भारतातल्या घरांच्या भिंतींत जी तीन गोल भोकं असतात, त्यांचा आराखडा १९३४ सालचा. ‘बीएस ५४६’ या ब्रिटिश मानकानं तो पक्का केला. दिवे-रेडिओसाठी पाच ॲम्पियरची लहान पिन, शेगडी-हीटरसाठी पंधरा ॲम्पियरची जाडजूड. ब्रिटिशांनी पुढे स्वतःच्या घरांतून ही गोल पिन काढून टाकली आणि चपट्या पिना आणल्या. आपल्याकडे गोल पिनच राहिली. ‘आयएस १२९३’ या भारतीय मानकानं पाचाचे सहा आणि पंधराचे सोळा ॲम्पियर केले, तरी इलेक्ट्रिकच्या दुकानात गिऱ्हाईक अजून ‘पंधरा ॲम्पियरचा टॉप’च मागतं.

प्रस्तुत लेखकाची या तीन भोकांशी ओळख जरा उशिराच झाली. त्याच्या लहानपणी गिरगावातल्या चाळीत भिंतीवर लाकडी बोर्ड होता, त्यावर काळे बेकेलाइटचे खटके आणि एक टू-पिन सॉकेट. त्या सॉकेटवर रेडिओचा वहिवाटीचा हक्क. मग इस्त्री करायची ती दिव्याच्या होल्डरमधून. बल्ब उतरवायचा आणि त्याच्या जागी बल्बसारखाच अडकणारा प्लग बसवायचा. इस्त्री अर्थातच दिवसाउजेडी उरकावी लागे. ज्यांच्याकडे दोन तोंडांचा होल्डर होता, त्यांच्याकडे दिवा आणि इस्त्री एकदम चाले, आणि अशा बिऱ्हाडांचा चाळीत वेगळाच रुबाब असे.

हे काही फक्त चाळीतलंच नव्हतं. जगात सगळीकडे वीज घरात शिरली ती दिवा म्हणून, आणि बाकीची यंत्रं तिच्या मागून दिव्याच्याच दारानं आली. १९०४ साली हार्वी हबेल या अमेरिकन कारखानदारानं ओढून काढता येणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचाही एक भाग दिव्याच्या होल्डरमध्ये फिरवूनच बसवायचा होता. इटलीत दिव्याच्या विजेचा दर वेगळा आणि यंत्रांच्या विजेचा वेगळा असे. त्या हिशेबातून निघालेल्या दहा आणि सोळा ॲम्पियरच्या दोन मापांच्या पिना तिथे आजही शेजारी शेजारी नांदतात. दर एक झाला, भोकं दोनच राहिली.

चाळीत पहिला फ्रीज आला तेव्हा त्याच्या आधी वायरमन आला. त्यानं भिंत फोडून ‘पॉवर पॉइंट’ बसवला आणि जमलेल्या पोरांना टॉप उघडून दाखवला. तीन पितळी पिना, त्यातली वरची सगळ्यात जाड आणि सगळ्यात लांब. लांब अशासाठी, की टॉप आत जाताना ती सर्वांत आधी टेकावी आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावी. पिनांना मध्ये चीर असते ती भोकात घट्ट बसण्यासाठी. मापंही मोठी हिशेबी आहेत. लहान टॉपच्या खालच्या दोन पिना जेमतेम पाच मिलिमीटर जाडीच्या आणि वरची सात. मोठ्या टॉपच्या खालच्या दोन सातच्या आणि वरची पावणेनऊच्या आसपास. म्हणजे धाकट्याची सर्वांत जाड पिन ती थोरल्याची बारीक पिन.

यंत्र चालायला दोन पिना पुरतात. एकीतून (फेज) वीज येते, दुसरीतून (न्यूट्रल) परत जाते. तिसरी पिन यंत्रासाठी नसतेच. ती यंत्राला हात लावणाऱ्या माणसासाठी असते. आतली वायर कुठे सोलवटली आणि फ्रीजच्या पत्र्याला टेकली, तर पत्र्यात वीज उतरते. तिसऱ्या पिनेतून जमिनीपर्यंत तार, म्हणजे अर्थिंग, गेलेली असेल, तर ही वीज त्या सोप्या वाटेनं धावते, फ्यूज उडतो आणि दार उघडायला आलेली बाई वाचते. तार नसेल, तर ती वाट बाईच्या हातातून पायांकडे जाते.

म्हणून लेखकाला पुढे परदेशी जायचे योग आले, तेव्हा तो हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर आधी भिंतीकडे बघायला लागला. कुठल्या देशानं तिसऱ्या पिनेशी कसा व्यवहार केला, हे तिथे दिसतं.

लंडनमध्ये दिसलं ते सर्वांत कडक. दुसरं महायुद्ध चालू असतानाच ब्रिटननं युद्धानंतरच्या घरांतल्या वायरिंगचा विचार करायला वीस जणांची समिती नेमली. तिच्यात एकच स्त्री होती, कॅरोलाइन हॅसलेट. घरातल्या बाईचं कष्टाचं ओझं विजेनं हलकं व्हावं म्हणून आयुष्यभर झटलेली ही इंजिनिअर. मृत्यूनंतर आपलं दहनही विजेवरच व्हावं, अशी तिची इच्छा होती. समितीसमोर दोन अडचणी होत्या. तांब्याची टंचाई होती आणि घरात लहान मुलं होती. तांबं वाचावं म्हणून घरभर एकच वायर कड्यासारखी फिरवायचं ठरलं. पण अशा कड्याचा मुख्य फ्यूज मोठा लागतो, तो एकेका यंत्राच्या बारीक वायरीला वाचवू शकत नाही. म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात वेगळा फ्यूज आला. मुलांसाठी सॉकेटच्या आत पडदे बसवले. लांब तिसरी पिन आधी आत शिरते, ती पडदे उचलते, आणि तेव्हाच खालची दोन भोकं उघडतात. १९४७ साली ‘बीएस १३६३’ या नावानं हा तेरा ॲम्पियरचा प्लग जाहीर झाला. ज्या यंत्राला अर्थिंग लागतच नाही, त्याच्या प्लगलाही तिथे तिसरी पिन असते, भले ती प्लास्टिकची असो, कारण तिच्याशिवाय दार उघडत नाही.

आणि या दारापाशी भारतीय पाहुणा काय करतो? खिशातलं बॉलपेन काढतो, वरच्या भोकात खुपसतो, पडदे उचलतो आणि आपला टू-पिन चार्जर खाली दडपतो. वीस जणांच्या समितीचं काम असं एका रिफिलनं उरकतं.

ब्रिटननं गोल पिन टाकली, पण पुरती टाकली नाही. तिथल्या नाट्यगृहांत रंगमंचावरचे दिवे अजून पंधरा ॲम्पियरच्या गोल टॉपवरच लावतात. उंच पाइपवर टांगलेल्या दिव्याच्या प्लगमधला फ्यूज उडाला, तर ऐन प्रयोगात तो बदलायला कोण चढणार? गोल टॉपमध्ये फ्यूजच नाही, म्हणून तो तिथे हवाहवासा. पुण्यातल्या न्हाणीघरात गिझरला लागलेला टॉप आणि लंडनच्या रंगमंचावरचा टॉप एकाच घराण्यातले.

युरोपच्या मुख्य भूमीवर प्रत्येकानं तिसऱ्या पिनेची आपापली सोय लावली आहे. जर्मनीत ती पिन नाहीच. गोल खळग्याच्या कडेला धातूच्या दोन पट्ट्या असतात, प्लग आत जाताना त्याच पहिल्यांदा चिकटतात. फ्रान्सनं उलटा कारभार केला, तिथे तिसरी पिन सॉकेटमधूनच बाहेर डोकावते आणि भोक प्लगला असतं. शेवटी कारखानदारांनी पट्ट्या आणि भोक दोन्ही असलेला प्लग काढून हे भांडण मिटवलं. डेन्मार्कचं सॉकेट दोन डोळे आणि हसरं तोंड घेऊन बसतं. ते तोंड म्हणजे अर्थिंग.

लेखकाची मुलगी शिकायला जर्मनीत गेली, तेव्हा बरोबर भाताचा इलेक्ट्रिक कुकर गेला. व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, दोन्ही इथल्यासारखीच. तेव्हा नुसता अडॅप्टर पुरेल असा घरच्यांचा हिशेब. अडॅप्टर मिळाला, भातही झाला. पण तो स्वस्तातला अडॅप्टर उलटा करून पाहिला, तर पुढून तीन भोकं आणि मागून दोनच काड्या. कुकरची तिसरी पिन एका रिकाम्या भोकात बसून होती, पुढे तिला कुठे जायलाच नव्हतं. प्रवासी अडॅप्टर विकत घेताना माणसं किती देशांत चालतो ते वाचतात. मागच्या बाजूला अर्थिंगची पट्टी आहे का, हे क्वचितच कोणी पाहतं. मोबाइलला ते चालतं, पाणी तापवणाऱ्या भांड्याला चालत नाही.

अमेरिकेत प्रश्न वेगळा. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, त्यामुळे इथून नेलेला मिक्सर नुसत्या अडॅप्टरवर चटणी वाटत नाही, कुंथतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकेकाळी ओट्यावर व्होल्टेज वाढवणारा जड ट्रान्सफॉर्मर ठाण मांडून असायचा. आता भारतीय बनावटीचे ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात. पण तिथल्या जुन्या घरांची खोड मात्र ओळखीची. भिंतीत दोनच चिरा, हातात तीन पिनांचा प्लग, आणि मध्ये तिसरी पिन गिळून टाकणारा एक छोटा अडॅप्टर.

जपानची तऱ्हा आणखी निराळी. १८९५ च्या सुमारास टोकियोनं जर्मनीकडून यंत्रं घेतली, पाठोपाठ ओसाकानं अमेरिकेकडून; म्हणून देशाच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ आणि पश्चिम भागात ६०, ते आजतागायत. व्होल्टेज अवघं शंभर. बहुतेक सॉकेटांना दोनच चिरा. मात्र वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांना हिरवी वायर वेगळी असते आणि सॉकेटखालचं झाकण उघडून ती स्क्रूनं आवळायची असते. तिसरी पिन नाही, पण तिचं काम हातानं करून घेतलेलं.

ऑस्ट्रेलिया, चीन आणि अर्जेंटिना या तिघांकडे तिरक्या चपट्या पिनांची एकच धाटणी दिसते. मात्र चीनमध्ये सॉकेट उलटं बसवतात आणि अर्जेंटिनात फेज-न्यूट्रलची जागा बदललेली असते. चेहरा एक, वळण वेगळं.

जगातल्या या प्रकारांना आता ‘ए’पासून ‘ओ’पर्यंत पंधरा अक्षरं दिली आहेत. एकच प्लग सगळ्यांनी वापरावा, असं कोणाला सुचलं नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं १९८६ साली तसा प्लग आखूनही दिला. ब्राझीलनं थोडा फेरफार करून तो घेतला, दक्षिण आफ्रिकेनं घेतला, बाकीच्यांनी नमस्कार केला. कारण सोपं आहे. मंत्री बदलतो, नाणं बदलतं, पण कोट्यवधी भिंतींतली सॉकेटं बदलायचा खर्च आणि धूळ कोणालाच नको असते. शिवाय बदल पुरा होईपर्यंत मधली काही दशकं घरात दोन्ही जातींचे प्लग आणि त्यांना जोडणारे अडॅप्टर राहणार, आणि आगी लागतात त्या बहुधा अशाच जोडाजोडीपाशी. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी यूएसबी-सी सक्तीचं केलं, ते वायरीच्या फोनकडच्या टोकाला. भिंतीकडच्या टोकाला त्यानंही हात लावला नाही.

तेव्हा भारतानं गोल पिन ठेवली यात काही चुकलं असं लेखकाला वाटत नाही. पिन चांगली आहे. लांब आहे, जाड आहे, आणि आता सहा व सोळा ॲम्पियरचे दोन्ही टॉप घेणारी, आत पडदे असलेली सॉकेटंही मिळतात. घोटाळा पिनेच्या मागे आहे.

कित्येक जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं भोक असतं, त्याच्या मागे तारच नसते. तार असली, तर ती ज्या खड्ड्यात जाते तो आटलेला असतो. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ भरून करतात, कारण ओल धरली तरच माती वीज नेते. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. सोसायटीच्या बागेला पाणी घालणारे या खड्ड्याला विसरतात, बरेचदा त्यावर पेव्हर ब्लॉकही बसवून टाकतात. घरात तर आणखी प्रकार. मोबाइल चार्जरच्या चार मिलिमीटरच्या काड्या पाच मिलिमीटरच्या भोकात लोंबतात आणि ठिणग्या टाकतात. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर फ्रीजसमोर पायपुसणं टाकलं जातं. आणि उत्सवाच्या मंडपांत टॉप शोधायचा कंटाळा आला, की वायरीची टोकं दातांनी सोलून भोकांत खुपसतात आणि आगकाडीनं घट्ट करतात. त्या वेळी तिसरं भोक हमखास रिकामं असतं.

वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या खेपेला वायरमन पंखा दुरुस्त करायला येईल, तेव्हा त्याला मीटर लावून फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जितकं दाखवतो, जवळपास तितकंच, म्हणजे २३० च्या आसपास, तिथेही दिसलं पाहिजे. नसेल तर सोसायटीच्या सभेत रंगकामाच्या आधी अर्थिंगचा विषय घ्या. मुख्य बोर्डावर, वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. गिझरच्या टॉपची जाड पिन भोकात जात नाही म्हणून कोणी कापायला निघालं, तर त्याच्या हातातली पक्कड काढून घ्या.