आमचा शोध

शोध लावण्याची हौस कोणास नसते? आम्हांसही होती. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. वनस्पतींशी आमचा संबंध भाजीबाजारापुरता! तरीही वैशाखातल्या एका रविवारी पातालपाणीच्या टेकडीवर, खडकाच्या फटीतून वर आलेला हातभर उंचीचा एक दांडा आमच्या दृष्टीस पडला. त्यास एकही पान नव्हते. वर मात्र सहा पाकळ्यांची मळकट, हिरवट-तपकिरी फुले माना खाली घालून लोंबत होती. असे फूल आम्ही कधी पाहिले नव्हते. तेव्हा ते जगानेही पाहिले नसणार, असा आमचा सरळ तर्क! खुरप्याने कंद उकरून तो आम्ही मोठ्या ऐटीने इंदुरातील एका वनस्पतिशास्त्रज्ञ स्नेह्यांपुढे ठेवला.

ते हसून म्हणाले, "अहो, हा तर रानकांदा! पण याची पाने पाहिलीत का?"

पाने कोठून पाहणार? ती येतात पावसाळ्यात, आणि तोवर फुले वाळून गेलेली असतात. एका कंदाची पुरती ओळख व्हावयास त्याच जागी दोन ऋतूंत जावे लागते. जाती नवी म्हणावयाची, तर जुनी वर्णने आणि संग्रहालयांतील वाळविलेले नमुने ताडून पाहावे लागतात. फळ, बी, प्रसंगी गुणसूत्रेही तपासावी लागतात. इतके करूनही वाद उरतोच. या रानकांद्यालाच रॉक्सबर्ग यांनी 'सिला' कुळीत बसविले, कुंट यांनी १८४३ साली 'अर्जिनिया'त घातले, आणि १९७७ साली जेसप यांनी 'ड्रिमिया'त नेले. कांदा बिचारा होता तेथेच राहिला!

मग स्नेह्यांनी महाबळेश्वरची हकीकत सांगितली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील वुड्रो यांचे नाव लाभलेल्या 'क्रायनम वुड्रोई' या पांढऱ्या फुलांच्या कंदवनस्पतीचे वर्णन बेकर यांनी १८९८ साली प्रसिद्ध केले. पुढे सुमारे शंभर वर्षे ती अभ्यासकांस आढळलीच नाही. अखेर केट्स पॉइंटपाशी ती पुन्हा सापडल्याचे वृत्त २००४ साली प्रसिद्ध झाले.

"तुमच्यासारखा कोणी खुरपे घेऊन आधी तेथे पोचला असता तर?" त्यांनी विचारले.

आम्ही मान खाली घातली, अगदी रानकांद्याच्या फुलासारखी!

दुसऱ्याच दिवशी तो कंद आम्ही त्याच फटीत पुन्हा लावून आलो. आषाढात जाऊन पाहतो, तो लांबट हिरवी पाने वर आलेली! विद्यार्थिमित्रहो, रानात जाताना वही-पेन्सिल अवश्य न्या. खुरपे मात्र घरीच ठेवा. आम्ही आता पुढच्या वैशाखाची वाट पाहत आहोत.