कपाटातली नारिंगी पट्टी

तुमच्या घरी जुन्या फोटोंची पाकिटं असतील. त्यांतल्या नारिंगी-तपकिरी पट्ट्या कधी उजेडात धरून पाहिल्यात? त्या म्हणजे निगेटिव्ह. फोटो अल्बममध्ये जातात आणि घर आवरताना या पट्ट्या मात्र केरात! त्या फेकू नका, हे सांगायलाच आज बसलो आहे.

१९९६ च्या सप्टेंबरात बाबांबरोबर मी रतनवाडीला गेलो होतो. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात रतनगडाच्या पायथ्याशी हे गाव आहे. पावसाळा सरत आला की इथले डोंगरउतार सोनकीच्या फुलांनी पिवळेधमक होतात. आमच्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा एकच रोल होता. मोबाइलवर नको तो फोटो पुसता येतो. रोलवर तसं नव्हतं. बटण दाबलं की एक फोटो संपला! म्हणून आधी फूल नीट बघायचं. ऊन कुठून येतंय? वारा थांबला का? सोनकी जराशी डुलली तरी फोटो धूसर यायचा. शेवटी बाबांनी वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरली आणि मी बटण दाबलं.

त्या फोटोचे रंग पुढे उडाले. मग मी निगेटिव्ह शोधून काढली. तिच्यावर सगळं उलटं असतं. उजेड तिथे काळोख, पिवळं फूल निळसर आणि हिरवी पानं लालसर. कागद स्कॅन करताना त्यावर पडून परतलेला उजेड यंत्र टिपतं. निगेटिव्ह स्कॅन करताना मात्र उजेड तिच्यातून आरपार जावा लागतो. मग संगणक रंग पुन्हा सुलटे करतो. निगेटिव्हवरचं चित्र जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरचं, पण इंचाला २४०० ठिपके या मापानं टिपलं, तर त्यात सुमारे ७७ लाख ठिपके मावतात! धुळीचा कण राहिला, तर तो उजेड अडवतो आणि सुलट्या चित्रात पांढरा डाग होऊन बसतो. म्हणून आधी मऊ ब्रशनं धूळ झटकायची.

पडद्यावर सोनकी मोठी झाली, तेव्हा तिची मधली टिकली दाणेदार दिसली. तो प्रत्येक दाणा एक इवलंसं फूल! सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सोनकीची भावंडंच. आपण एक फूल म्हणतो, तो खरं तर गुच्छ असतो.

आणखी एक गंमत. फोटो छापताना चित्राच्या कडा थोड्या कापल्या जात. निगेटिव्हमध्ये त्या शाबूत होत्या. डाव्या कडेला छत्रीची काळी किनार आणि ती घट्ट धरलेली बाबांची बोटं! बाबा आता नाहीत. तो हात इतकी वर्षं कपाटात होता आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं.

तेव्हा आजच आई-बाबांना पट्ट्या शोधायला सांगा. कडेनंच धरा, मध्ये बोट लावू नका. कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. आणि पाकिटावर गाव, साल, माणसांची नावं लिहा. स्कॅनर रंग सुलटे करील, पण चित्रातलं माणूस कोण, हे तो सांगणार नाही. ते आजी-आजोबांनाच विचारायला हवं, आणि तेही लवकर.