फेब्रुवारीतले ३०० रुपये

२०२४च्या एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूक ऐन रंगात होती, तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला. आईबापांनी पोटाला चिमटा काढून घेतलेलं घर बापामागे निम्म्याहून जास्त सरकारजमा होणार, अशा अर्थाचा. खाली लालबुंद झालेले दोन चेहरे मी स्वतःच्या पदरचे जोडले. काँग्रेसच्या सॅम पित्रोदांनी नुकतंच अमेरिकेतल्या वारसा कराचं उदाहरण दिलं होतं. त्यांच्या पक्षाने हे त्यांचं वैयक्तिक मत म्हणून हात झटकले होते आणि विरोधकांनी सभांमधून ते लावून धरलं होतं. माझ्या मेसेजला एकवीस अंगठे आले. सोसायटीचा खजिनदार म्हणून सात वर्षं पै-पैचा हिशेब देतोय, त्याला कधी चारावर अंगठे आले नाहीत.

बाकीच्या एकवीस जणांचं सोडा. मला मात्र तो मेसेज खोटा आहे हे कळायला हवं होतं, कारण वारसा कर या देशात होता आणि त्याचे कागद मी या हातांनी भरले आहेत.

१९८२ ते ८४ मी गिरगावात एका सीएंकडे आर्टिकलशिप करत होतो. (फायनलला दोनदा आपटलो, मग नोकरी धरली. हेही कबूल करून टाकतो.) इस्टेट ड्यूटीचा, म्हणजे या वारसा कराचा, कायदा १९५३चा. तो संसदेतून पार पाडला आपल्या चिंतामणराव देशमुखांनी. मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, ही दुसरी ओळख आपण सोयीने विसरलो. पुढे दर वाढत गेले आणि वीस लाखांच्या वरच्या हिश्शावर ८५ टक्क्यांपर्यंत पोचले. हे झालं कागदावर. आमच्या ऑफिसात मी पाहिलं ते असं: कापडाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची मालमत्ता तो जिवंत असतानाच ट्रस्ट, हिंदू अविभक्त कुटुंब, सुनांची नावं, नातवांची नावं अशी वाटून झाली होती. तो गेला तेव्हा त्याच्या स्वतःच्या नावावर जवळपास काही उरलं नव्हतं. आणि दादरच्या एका डॉक्टरांची विधवा, जिच्या नवऱ्याला असलं काही सुचलं नव्हतं, ती हातात पिशवी घेऊन दर महिन्याला आमच्या जिन्यावर बसलेली असायची. दवाखान्याच्या जागेची किंमत किती धरायची, यावर तिचं प्रकरण अडलं होतं.

१९८५च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंहांनी हा कर काढून टाकला. वसुली वर्षाला जेमतेम २० कोटी, आणि लोकांना छळ तेवढा जास्त, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते शब्दशः पटलं. मी पेढे वाटले नाहीत एवढंच. तेव्हा डोक्यात जे पक्कं बसलं ते चाळीस वर्षं हललं नाही: श्रीमंतांवरचा कर श्रीमंतांना लागत नाही, तो मधल्या माणसाच्या मानेवर बसतो. आणि मधला माणूस म्हणजे अर्थातच मी.

त्यानंतर मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये लागलो आणि संध्याकाळी डोंबिवलीत लोकांची रिटर्न्स भरू लागलो. मार्च आला की माझ्या बैठकीत एकच बोलणं चाले. आपण कर भरायचा आणि बाकीच्या देशाने खायचा. शेतकऱ्याला आयकर नाही, झोपडीला वीज फुकट, निवडणूक आली की रेवडी. मी त्यात नुसता बसत नव्हतो, मी ते बोलणं पुरवायचो. आकडा माझा असायचा आणि संताप त्यांचा. शेतीचं उत्पन्न दाखवून काळ्याचं पांढरं करणारी दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे होती, त्यांचे सातबारे मीच नीट लावून दिले. आणि त्याच संध्याकाळी शेतकऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. त्या वेळी मला यात काही विसंगत वाटलं नाही.

मत बदललं ते कुठलं पुस्तक वाचून नव्हे. म्हणजे आकडे कानावर आले होते. २०२४च्याच मार्चमध्ये अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतातल्या विषमतेवरचा निबंध आला होता. वरच्या एक टक्का लोकांकडे २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा. मी वाचलं, परदेशी माणसांना आपली काळजी फार, असं म्हणून बाजूला ठेवलं. आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला आकडे हलवत नाहीत. त्याला त्यांची सवय झालेली असते.

मला हलवलं आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी. मतदान २० मेला होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात त्या कणीक मळता मळता थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही टॅक्सचं बघता ना. ती आमची दिवा गावातली खोली सरकार घेणार व्हय? पोराला मिळणार नाही म्हणत्यात."

तो मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता. आमच्या ग्रुपवरून गेला की दुसऱ्या कुठून, देव जाणे. मी म्हटलं, नाही हो, काही घेत नाही कोणी. त्यांचं समाधान झालं नाही. "मग मंगळसूत्राचं काय?" मंगळसूत्रंही जाणार, हे प्रचारसभांमधून फिरत होतं. त्यांच्या मंगळसूत्रात सोन्याचे चार मणी आहेत, बाकी काळी पोत. ते चार मणी मुठीत धरून त्या विचारत होत्या, आणि त्यांना घाबरवणाऱ्यांतला एक समोर चहा पीत बसला होता.

त्याच रात्री मी न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मावसभावाला फोन लावला. तो हसायला लागला. म्हणाला, अरे, इथला केंद्राचा कर त्या वर्षी माणशी १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर, आणि दर जास्तीत जास्त ४० टक्के. आमच्या राज्यात वारसा कर आहे, पण पोटच्या मुलांना तो लागतच नाही. माझ्या घराला कोण विचारतोय? पिकेटींच्या मंडळींनी त्याच मे महिन्यात भारतासाठी जो कर सुचवला तोही १० कोटींच्या वरच्या संपत्तीवर होता. शंभरातले नव्याण्णव सोडाच, दहा हजारांतले ९,९९६ प्रौढ त्यातून सुटत होते. माझं डोंबिवलीचं घर, गिरगावच्या खोलीचं काय होईल ते, मुदतठेवी, सगळं मिळवून मी त्या उंबरठ्याच्या आसपासही नव्हतो. मग इतकी वर्षं मी कुणाच्या तिजोरीबाहेर राखणीला उभा होतो, आणि तेही बिनपगारी?

गिरगावच्या खोलीचं थोडं सांगतो. वडिलांनी ती पागडीने घेतली होती, एकशे ऐंशी चौरस फूट, भाडं इतकं की पावतीचा कागद महाग पडावा. आता चाळ पुनर्विकासात गेली आहे आणि नव्या इमारतीत मिळणाऱ्या जागेची जी किंमत दलाल सांगतो, तेवढे पैसे मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकूण मिळवले नाहीत. त्या पगारावर दर महिन्याला कर कापला गेला. या घबाडासाठी मी केलं काय, तर त्या बापाच्या पोटी जन्मलो. हे वारसाहक्काने माझ्याकडे येताना एक पैसा कर नाही, उद्या मुलाकडे जाताना नाही. विकलं तर भांडवली नफ्यावर कर आहे, पण तो कसा वाचवायचा हे शिकवून तर मी घर चालवलं. घामावर कर आणि नशिबाला सूट, हा न्याय मला चाळीस वर्षं खटकला नाही. माझा मुलगा आणि ताईंचा मुलगा एका वर्षाचे. दोघेही बारावीला साधारण सारखेच हुशार होते, म्हणजे बेताचे. पुढचं सांगत बसत नाही.

निवडणुकीनंतर जुलैत ताईंनी दुकानाचं बिल आणून दाखवलं. सूट दिलीय म्हणतात, खरंच दिली का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ६४० रुपयांचं बिल. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, धुण्याची पावडर, बिस्किटं, चहा, साखर, गोडंतेल. सवयीने माझी नजर खालच्या ओळींवर गेली. वरच्या पाच वस्तूंवर तेव्हा १८ टक्के, खालच्या तिन्हींवर ५. छापील किमतीतच धरलेला कर मी वेगळा काढला: बहात्तर रुपये. मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही यात बहात्तर रुपये कर भरलात.

त्यांनी बिल परत घेतलं, नीट बघितलं आणि विचारलं, "मग तुमच्यासारखा माझा परत येतो का?"

रिफंड. माझ्या धंद्यातला सगळ्यात लाडका शब्द. तो त्यांच्या वाट्याला येत नाही. आयकरात पायऱ्या आहेत, वजावटी आहेत, माझ्यासारखे मध्यस्थ आहेत. टूथपेस्टला हे काही नाही. तिथे मलबार हिल आणि दिवा एकाच दराने दात घासतात. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पातल्या 'रुपया कुठून येतो' या चित्रात आयकराचे १९ पैसे होते, जीएसटीचे १८ आणि कंपन्यांच्या कराचे १७. हे चित्र मी दर फेब्रुवारीत बघायचो आणि त्यातला फक्त माझा तुकडा बघायचो. कंपन्यांचा मूळ दर सप्टेंबर २०१९ मध्ये ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडले. त्याला आमच्या बैठकीत कुणी रेवडी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तर 'धाडसी पाऊल' म्हटलं होतं.

त्याच जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि ग्रुप पेटला. आमच्या कराच्या पैशातून १५००, वगैरे. मी पहिल्यांदाच वेगळं काही लिहिलं, की बाबांनो, कर त्याही भरतात, आणि खाली बहात्तर रुपयांचा हिशेब दिला. अंगठा एक आला, तोही माझ्या बायकोचा. वरच्या मजल्यावरच्या एकाने लिहिलं, "काका, तुम्ही कधीपासून कम्युनिस्ट?" मागच्याच महिन्यात हा मनुष्य बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून कर वाचतो का ते विचारायला आला होता. चहा पिऊन गेला, फी दिली नाही.

१५०० रुपये हे विषमतेवरचं उत्तर आहे असं मला वाटत नाही. विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्यावर सुचलेलं औदार्य मला आजही संशयास्पदच वाटतं. आणि वारसा कर उद्या आणला तर गिरगावातला जिना पुन्हा भरेल, ही भीतीही गेलेली नाही. संपत्ती करही २०१५ मध्ये अरुण जेटलींनी काढला तेव्हा त्याची वसुली होती १,००८ कोटी, म्हणजे एवढ्या देशाच्या मानाने चिल्लर. एक कर एका पक्षाने पोचवला, दुसरा दुसऱ्याने. खांदा दोघांनीही दिला. पण आधी मी यावरून म्हणायचो, कर वाईट होता. आता म्हणतो, कर गळका होता आणि भोकं पाडणाऱ्यांत आम्ही होतो. डॉक्टरांच्या विधवेला छळलं ते व्यापाऱ्याला सुटायला जागा ठेवणाऱ्या कायद्याने, आणि ती जागा दाखवायचे पैसे आम्ही घेत होतो. तिचं नाव पुढे करून मी आयुष्यभर त्या व्यापाऱ्याची वकिली केली.

मत कुणाला दिलं ते विचारू नका, सांगणार नाही. उमेदवारांपैकी कुणीही या भोकांवर एक अक्षर बोललं नव्हतं, हे मात्र सांगतो.

पुढच्या फेब्रुवारीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न नव्या पद्धतीत करमुक्त झालं. आमच्या सोसायटीतली निम्मी घरं एका दुपारीत आयकरातून बाहेर पडली. ग्रुपवर फटाक्यांची चित्रं आली. आमच्याच जुन्या व्याख्येने आता ही मंडळी फुकटी झाली होती, पण मी तसं लिहिलं नाही. एकदा कम्युनिस्ट झालो तेवढं पुरे.

एक गोष्ट राहिली. महाराष्ट्रात नोकरी केलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे: पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर, आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात. मी अकाउंट्समध्ये लागलो तेव्हा रक्कम याहून लहान होती, पण शिव्या खाणारी कपात हीच. कशासाठी कापता, असं कामगार विचारायचे आणि मी म्हणायचो, सरकारची भीक. एकदा बोलता बोलता ताईंनी सांगितलं, त्या मूळच्या जतच्या. आई हमीच्या कामावर खडी फोडायची, ह्या तिथेच झाडाखाली झोळीत. तेव्हा मला आठवलं. हा कर १९७५ मध्ये आणला होता तोच रोजगार हमीसाठी. ७२च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या त्या योजनेने जोर धरला, आणि शहरातल्या पगारदाराच्या खिशातून तिला पैसा मिळावा म्हणून ही कपात. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं, पाच मार्कांना. माझ्या पगारातले ते काही रुपये आणि जतच्या माळावरची ती खडी एकाच वहीच्या दोन बाजू होत्या, आणि जमा-नावे जुळवणं हाच माझा धंदा असून मला त्या कधी जुळवाव्याशा वाटल्या नाहीत.

मुलगा गेल्या वर्षी नोकरीला लागला. फेब्रुवारीच्या पगाराच्या दिवशी त्याचा फोन आला. "बाबा, ह्या महिन्यात व्यवसाय कराचे तीनशे का कापलेत? एचआरची चूक असेल ना?"

मी म्हटलं, चूक नाही. सांगतो, पण १९७२पासून सुरू करावं लागेल. वेळ आहे का?

तो म्हणाला, ठाणे आलंय, गर्दी आहे, घरी आल्यावर बोलू.