पाण्यातील गवाक्ष

भूगावच्या मानस सरोवराच्या काठी उभे राहून कोणी पाण्यात तिरपी काठी बुडविली, तर ती पृष्ठभागापाशी मोडल्यासारखी दिसते. बाहेर काढावी, तर काठी सरळच्या सरळ! पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण आपली दिशा बदलतात. यालाच वक्रीभवन म्हणतात. काठावरच्या मुलाला त्याची गंमत वाटते. पाण्याखाली छायाचित्रे घेणाऱ्याची मात्र ते परीक्षा पाहते.

भूगावात राहणारा असा एखादा छायाचित्रकार मालवणला निघाला आहे, असे समजावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात प्रवाळे आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. समुद्राचे पाणी फार तापले, की प्रवाळांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना सोडून जाते आणि रंगीत प्रवाळे पांढरीफटक पडतात. कोणत्या खडकावर हा पांढरेपणा पसरू लागला आहे, याची नोंद चित्रांवरून ठेवावयाची आहे. चित्र फसवे निघाले, तर नोंदही फसवी होणार.

कॅमेरा पाण्यात न्यावयाचा तर तो जलाभेद्य पेटीत बंद करावा लागतो. पेटीच्या तोंडाशी, भिंगासमोर, जी काच असते तिला पोर्ट म्हणतात. पेटीचे जणू ते गवाक्षच. पेटी एकदा रबरी कड्याने बंद झाली, की समुद्रात ती उघडता येत नाही. म्हणून भिंग कोणते आणि त्यापुढे पोर्ट कोणते, हा निर्णय कोरड्या जमिनीवरच घ्यावा लागतो. लुई बूतां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ साली बान्यूल्सच्या समुद्रात चित्रे घेतली, तेव्हा एकेका चित्रास कधी कधी अर्धा तास लागे. आता चित्र क्षणात निघते. निवड मात्र तेवढी सोपी झालेली नाही.

पोर्ट मुख्यतः दोन प्रकारचे. एक सपाट काचेचे. त्यातून वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते. बोटाच्या पेराएवढ्या जीवाचे चित्र घ्यावयाचे असेल, तर हा लाभच होय. म्हणून सूक्ष्म वस्तू टिपणाऱ्या मॅक्रो भिंगापुढे सपाट काच शोभते. परंतु हवेत ८४ अंशांचे क्षेत्र पाहणारे विशालकोनी भिंग तिच्यामागे ठेवले, तर पाण्यात त्याला जेमतेम ६० अंश दिसतात. शिवाय चित्राच्या कडा ताणल्या जातात आणि त्यांवर रंगांची झालर उमटते.

दुसरे पोर्ट घुमटाकार. किरण ज्या बिंदूकडे जाऊन भिंगात शिरतात, त्या बिंदूशी घुमटाचे केंद्र जुळविले, तर ते काचेवर काटकोनात पडतात आणि वाकत नाहीत. भिंगाला आपले विशाल क्षेत्र परत मिळते. मात्र घुमटाचीही एक खोड आहे. दूरच्या देखाव्याची तो काचेपुढे अगदी जवळ आभासी प्रतिमा उभी करतो. घुमटाची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल, तर ही प्रतिमा काचेपासून अवघ्या ३० सेंटिमीटरवर असते! तेव्हा इतक्या जवळचे स्पष्ट पाहू न शकणारे भिंग तेथे निरुपयोगी. मोठ्या घुमटात चित्राचे कोपरे अधिक नीट येतात. पण तो पाण्यात वर उचलला जातो, आणि हाताला रग लागते ती वेगळीच.

मालवणचे पाणी नेहमीच नितळ नसते. पाण्याचा थर जितका जाड, तितका गाळ अधिक. शिवाय तांबडा रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. मग निरोगी प्रवाळही चित्रात निस्तेज भासते. अर्थात खडकाजवळ जावयाचे, दिव्याचा उजेडही जवळून पाडावयाचा, आणि तरीही सबंध खडक चित्रात बसवावयाचा. हे विशालकोनी भिंगाने आणि घुमटानेच साधते.

भूगावच्या घरी त्याने घुमट बसविला. कॅमेरा न ठेवता पेटी पाण्याच्या पिंपात बुडवून पाहिली. आत थेंबही शिरला नाही.

मालवणच्या पाण्यात दुसऱ्याच खडकावर त्याला नखाएवढी, शंख नसलेली एक रंगीत गोगलगाय दिसली. सपाट काच आणि मॅक्रो भिंग किनाऱ्यावरच्या पिशवीत होते. या घुमटातून ती केवळ ठिपका दिसली असती. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले, नळकांड्यातील हवेचा काटा पाहिला आणि तो पुढच्या प्रवाळाकडे वळला.