कागदाचे ऋण

ज्या घरात पोथीस पाय लागला तर ती उचलून कपाळी लावण्याची चाल आहे, त्या घरात कागद होतो कसा, हे मात्र सहसा कोणास ठाऊक नसते. आमच्या पिढीजात विद्याव्यासंगातील हा एक विनोदच म्हणावयाचा. अक्षरावर आमची भक्ती. परंतु अक्षर ज्याच्या पाठीवर बसून घरोघर फिरते त्या कागदाची विद्या पडली कारागिराची, म्हणून तिची चौकशी आम्ही केली नाही. जुन्नरी आणि दौलताबादी कागद एके काळी नावाजलेला होता. त्यावर आमच्या वाडवडिलांनी दप्तरे लिहिली, पण तो घडविणाऱ्या कागदी मंडळींची नावे आम्हांस सांगता येत नाहीत.

हे सर्व आठवण्यास कारण असे झाले की, आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीने यंदा कागदाचे शास्त्र व यंत्रविद्या शिकण्याचा मनोदय प्रकट केला. आणि परदेशातील विद्यापीठांत या विषयास कारखानदारांच्या निधीतून शिष्यवृत्त्या मिळतात, असेही तिने सांगितले. घरात साहजिकच दोन आक्षेप निघाले. बंधू म्हणाले, "अग, कागदाचे दिवस सरले, आता सारे पडद्यावर वाचतात." वहिनींचा आक्षेप अधिक खोल होता. त्या म्हणाल्या, "ज्याच्या पैशाने शिकायचे, त्याचे जन्मभर मिंधे राहायचे ना?" दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते, म्हणून आम्ही त्यांचा थोडा विचार केला. तोच येथे मांडतो.

प्रथम ही विद्या कसली, ते पाहू. लाकडातील सेल्युलोजचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात. तंतू न तोडता हे लिग्निन विरघळविणे, ही पहिली कला. कार्ल डाल या जर्मन रसायनज्ञाने १८७९ साली यासाठी कॉस्टिक सोड्यास सोडियम सल्फाइडची जोड दिली. तो कागद इतका चिवट निघाला की, त्यास 'क्राफ्ट', म्हणजे जर्मन भाषेत 'बळ', हेच नाव पडले. पुढे तो लगदा यंत्राच्या जाळीवर सोडतात तेव्हा त्यात शंभर भागांत नव्याण्णवाहून अधिक पाणीच असते. ते पाणी निथळून, दाबून, वाळवून अखंड कागद काढावयाचा असतो. शिवाय उरलेला काळा रस जाळून त्यातून वाफ आणि क्षार दोन्ही परत मिळवितात. यात रसायन आले, यंत्र आले, उष्णतेचे गणित आले आणि नदीच्या पाण्याची काळजीही आली. एवढे सर्व एका साध्या पदवीत मावत नाही, आणि केवळ कारखान्यात हात काळे करूनही येत नाही.

हीच अडचण ओळखून अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात, ॲपल्टन या गावी, १९२९ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ पेपर केमिस्ट्री' ही संस्था निघाली. किंबर्ली-क्लार्क कंपनीचे अर्न्स्ट माहलर आणि लॉरेन्स कॉलेजचे अध्यक्ष हेन्री रिस्टन या दोघांचा तीत पुढाकार होता. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांनी विद्येसाठी मात्र एकत्र वर्गणी घातली, हे आम्हांस विशेष वाटते. ती संस्था १९८९ साली अटलांटा येथे गेली व पुढे जॉर्जिया टेकमध्ये सामील झाली. मेन संस्थानातील विद्यापीठाने १९५० साली निराळा मार्ग काढला. तेथे स्वतंत्र संस्था न काढता एक निधी उभारला. माजी विद्यार्थी आणि कारखाने त्यात भर घालतात, आणि विद्यार्थ्यांस शिष्यवृत्तीबरोबरच कारखान्यात पगारी उमेदवारीही मिळते. नॉर्थ कॅरोलायनात १९५४ साली असाच निधी निघाला.

आता वहिनींचा प्रश्न. आमच्या घराण्यांस आश्रयाचे शिक्षण नवे नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत असे. त्या व्यवस्थेत एक शहाणपण होते, ते असे की, सात घरचे अन्न खाणारा कोणा एकाच घरचा मिंधा होत नाही. १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला तो लोकांनी पैसा पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून. त्यामुळे तेथे कसब शिकणारावर उपकार होते ते साऱ्या समाजाचे. अनेक कारखान्यांचा एकत्रित निधीही याच जातीचा होय. एकाच मालकाने एकाच विद्यार्थ्यास करारनाम्याने बांधून घेतले, तर ती मात्र शिष्यवृत्ती नव्हे, विसार होय.

तथापि धोका अजिबात नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लगदा पांढरा करण्यासाठी पूर्वी क्लोरीन वायू वापरीत. १९८०च्या दशकात अशा कारखान्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिन हे अतिघातक विष आढळले. १९९८ साली अमेरिकन सरकारने कडक नियम केले, आणि क्लोरीनच्या जागी बहुतेक ठिकाणी क्लोरीन डायॉक्साइड आला. अशा प्रसंगी कारखान्याच्या मदतीने शिकलेल्याने काय करावे? आमच्या मते, आश्रयाची खरी परीक्षा येथेच होते. पैसा कारखान्याचा असला तरी परीक्षा, पदवी आणि संशोधनाचा निष्कर्ष विद्यापीठाच्याच हाती असावा. कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या नदीत विष चालले असेल, तर ते त्यास वेळेवर सांगणे हीच मिठास जागण्याची रीत होय.

बंधूंच्या आक्षेपातही तथ्य आहे. मेनमधील मिलिनॉकेटचा प्रसिद्ध कारखाना २००८ साली आणि बक्सपोर्टचा २०१४ साली बंद पडला. गावेच्या गावे ज्यांवर जगत होती ती धुराडी थंडावली. छापण्याच्या कागदाची मागणी तिकडे खरोखरच ओसरली आहे. परंतु पडद्यावर पाहून मागविलेली वस्तू दाराशी येते ती पुठ्ठ्याच्या खोक्यातच! प्लॅस्टिकला पर्याय शोधावयाचा, तोही बव्हंशी याच तंतूंतून. म्हणून विद्यार्थ्याने वर्तमानपत्राचा कागद नव्हे, तर तंतू हाच आपला विषय मानावा. वस्तू बदलतात, तंतू राहतो.

आणि यासाठी परदेशीच गेले पाहिजे असेही नाही. १९६४ साली स्वीडन सरकारच्या साह्याने सहारनपूर येथे कागद तंत्रज्ञानाची शाळा निघाली. १९७८ साली ती रुरकी विद्यापीठात विलीन झाली आणि आज रुरकीच्या आय.आय.टी.चा भाग आहे. आपल्या देशात बांबू, गव्हाचा पेंढा, उसाचे चिपाड यांपासून कागद करतात. बांबू आणि पेंढा यांतील वाळूचा अंश काळ्या रसात उतरून यंत्रांत थर धरतो, ही पाइन वृक्षांच्या देशास फारशी न भेडसावणारी पीडा आहे. तिचा उलगडा आपल्याच मुलामुलींस करावा लागेल.

आमच्या वाचक कुटुंबांस एवढेच सुचवावेसे वाटते: घरातील मुलीने वा मुलाने अनोळखी विद्येचे नाव काढले, तर आधी 'पगार किती' असे न विचारता 'यात शिकावयाचे काय' असे विचारावे. साह्य मिळत असेल तर ते कोणाचे, कोणत्या अटींवर, आणि सत्य बोलण्याची मोकळीक त्यात शिल्लक राहते की नाही, हे अवश्य पाहावे. ती राहत असेल तर ते मोकळ्या मनाने घ्यावे. ऋण घेण्यात कमीपणा नाही. आपल्या शास्त्राने तर मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे, आणि ऋषिऋण फेडावयाचे ते विद्या पुढे चालवूनच. हजारो वर्षे आम्ही लिहीत व वाचीत आलो. त्या ऋणापैकी कागद करणाऱ्यांचा हिस्सा फेडण्यास एखादी मुलगी निघाली, तर घराने तिला अडवू नये.