घंटेच्या माहेरी

आम्हा भिगवणकरांना पाण्याचे अप्रूप ते काय! उजनीच्या जलाशयाने भीमाकाठची किती गावे पोटात घेतली. आता तेथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तरी वसईला गेलो, तो भीमेमुळेच. तिच्या उगमाशी, भीमाशंकरला, एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी ती वसईहून आणली असे सांगतात. म्हटले, तिचे माहेर तरी पाहावे.

नाव किल्ल्याचे, पण तटाच्या आत नांदत होते चांगले शहर! १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांनी वसई मिळवली आणि खाडीच्या मुखाशी रस्ते, चौक, वाडे, मठ उभारले. तो संसार २०५ वर्षे चालला. आज छपरे गेली, भिंतींत झाडे रुजली. संत जोसेफ चर्चचा मनोरा तेवढा ताठ आहे. त्यात घंटा नाही.

मे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली. तट फोडताना पडलेली माणसे हजारोंनी मोजावी लागतात. तरीही तहात शत्रूला बायकामुलांसह, चीजवस्तूंसह निघून जाण्याची मोकळीक दिली. वसईच्या पराक्रमाइतकेच हे कलमही मुलांना शिकवावे, असे मला वाटते.

बंदर दरवाजातून ती कुटुंबे गलबतांकडे गेली असतील. दरवाजाबाहेर आता कोळ्यांच्या होड्या लागतात, आणि वाऱ्यावर सुकत्या बोंबलांचा वास येतो.